बेगमची गाठ आणि घोड्याचा केस

८ फेब्रु., रविवार
बेगमला विंचरताना मानेच्या डाव्या बाजूला बोट अडलं. हरभऱ्याएवढं. कठीण. दाबलं तर तिने वळून पाहिलं, चावली नाही. दिवाळीतही तिथंच काहीतरी लागलं होतं, मसुरीएवढं. गोचीड समजून सोडून दिलं. गोचीड तीन महिने एका जागी राहते का?
पंधरा वर्षांची झाली. लेक केतकीने सातवीत असताना मांजरीचं पिल्लू म्हणून दप्तरात घालून आणलेली. मंगलला काही बोललो नाही.

१० फेब्रु.
आज चार वेळा चाचपलं. आहे. मं. म्हणाली, "काय सारखं तिची मान धरून बसताय?" म्हटलं, पिसवा बघतोय.
दवाखान्यात न्यायला हवं. पण नेलं की डॉक्टर त्याला नाव देणार. दादाचं असंच झालं. साधी गाठ दाखवायला गेला आणि दिवाळी बघितली नाही त्याने. नको. एवढ्यात नको.

१२ फेब्रु.
दाढी करताना आरशात स्वतःच्याच मानेवरचा पांढरा वण दिसला. लहानपणी फुलंब्रीला असताना तिथं चामखीळ होती. आईने घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला, आठवड्यात गळून पडली. बे.चंही तेच असणार. चामखीळ. वयानं येतात. माझ्या पाठीवर दोन आहेत.
एकदम हलकं वाटलं. रात्रीचं जेवण नीट गेलं.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
मं. बहिणीबरोबर वेरूळला दर्शनाला. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी. ती गेल्या गेल्या रफीकभाईंकडे. वरातीला घोडी देतात ते.
"किसकू हुआ मस्सा, चाचा?"
"मेरेकूच."
"तो सफेद घोडी का लेव. काला नक्को, दूर से दिखता."
तीन केस कागदात गुंडाळून दिले. घरी येऊन बे.ला चादरीत गुंडाळलं. बांधायला अर्धा तास गेला. ओरडली नाही, नख नाही मारलं, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दोन गाठी मारल्या, घट्ट. पांढऱ्या केसांत पांढरा केस, दिसतसुद्धा नाही.
उरलेले दोन केस या वहीच्या मागच्या कव्हरात.

१८ फेब्रु.
काळसर पडलंय. म्हणजे लागू पडतंय! केतकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. लेकीला आधी बेगम लागते, मग आईबाप. "बाबा, ती अशी मान वाकडी करून का बसलीय?" म्हटलं, ऊन येतंय डोळ्यावर. ऊन नव्हतं.

२१ फेब्रु., शनिवार
सकाळी वास आला. आधी वाटलं, उंदीर मेला कुठंतरी. वास मानेचा होता. मागच्या पायाने खाजवून खाजवून रक्त काढलंय. केस कापायला कात्री घेतली तर केसच दिसेना, सूज त्याच्यावर चढलीय. कात्री हातात धरून बसून राहिलो. काय करून बसलो मी.
मं.ने उशीच्या अभ्र्यावर डाग पाहिला. "अगं बाई! आन् तुमी बघत बसलाव?" रिक्षा केली.

दुपार.
डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात हलका. भिंग लावून चिमट्याने केस बाहेर काढला, उजेडात धरला.
"हे काय आहे?"
मं. म्हणाली, "कुठंतरी घुसली असंल, अडकलं असंल."
"दोन गाठी आहेत, काकू. मांजर गाठ मारत नाही."
मी भिंतीवरचं कुत्र्यांच्या जातींचं चित्र बघत राहिलो.
"आणि ही आतली गाठ कधीपासून आहे?"
तोंडातून निघालं, "आठ दिवस." का, माहीत नाही. दिवाळी म्हटलं असतं तर मं.ने तिथंच विचारलं असतं, इतके दिवस काय करत होता म्हणून.
औषध, मलम, खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा टोप. सूज उतरल्यावर तपासणी.

२४ फेब्रु.
टोप घालून बे. दारांना धडकते. मागे सरकते, पुन्हा धडकते. मला बघवत नाही.
केस कुणी बांधला याचा मं.ने छडा लावलाय. वरच्या काकू. त्यांना मांजर आवडत नाही, कुंड्यांत घाण करते म्हणतात. मं.ने त्यांची वाटी आज रिकामी परत पाठवली. आमच्या घरातून रिकामी वाटी गेल्याचं तीस वर्षांत आठवत नाही. काकू वाटी हातात घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

३ मार्च
गाठीत सुई घालून काचेवर नमुना घेतला. बे.ला मी धरलं होतं. नमुना स्पष्ट येईना. डॉक्टर म्हणाल्या, बांधल्यामुळे आत सगळी सूज नि पू, खऱ्या पेशी ओळखू येत नाहीत. काढूनच तपासायला पाठवावी लागेल.
रक्ताचा रिपोर्ट: मूत्रपिंडं थकलीत. जास्त वेळ भूल सोसेल का, सांगता येत नाही.
"काका, आठ दिवसांत हरभऱ्याएवढी झाली म्हणता. एवढ्या वेगाने वाढत असेल तर मला भोवतीचं बरंच मांस काढावं लागेल. म्हणजे तासभर तरी भूल. जुनी, हळू वाढलेली असती तर सूज धरूनही थोडक्यात भागवलं असतं. नक्की आठच दिवस ना?"
मी मान हलवली. होय अशी हलवली.
शनिवारची वेळ दिलीय.

४ मार्च
बे. उठेल ना त्यातून? तासभर. माझ्या एका शब्दामुळे तासभर. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दूध उतू गेलं, दोनदा.
भीती कसली वाटते तेही नीट कळत नाही. ती मरेल याची की मं.ला कळेल याची. दोन्ही. लाज वाटते लिहायला, पण आज दुपारी दुसरीच मोठी होती.

५ मार्च
मं.ला म्हटलं, दवाखान्यात जाऊन येऊ, एकदा बोलायचंय. रिक्षात ही वही तिच्या हातात दिली. पहिलं पान उघडून. तिने चष्मा लावला. शिवरात्रीपाशी आली आणि माझ्याकडे बघितलं.
"घोड्याचा केस?"
"आईने माझा..."
"अहो, ती मांजर हाय!"
क्रांती चौकापर्यंत पुढची पानं वाचत राहिली. मग, "मी वेरूळात तिच्यासाठीबी हात जोडले व्हते त्या दिवशी. आन् तुमी हितं ह्ये." रडायला लागली. रिक्षावाल्याने आरसा फिरवला.
डॉक्टरांनी पहिल्या पानाच्या चार ओळी वाचल्या, बाकी वही मिटून परत दिली. "दिवाळीत मसुरीएवढी, फेब्रुवारीत हरभऱ्याएवढी. हे कळलं ते फार बरं झालं. छोटा काप घेऊ, वीस मिनिटं. पण साधीच आहे, असं मी म्हणत नाहीये, काका. तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही."
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
घरी आल्यावर मं.ने वाटीत शिरा घातला, वर बदामाचे काप, आणि वाटी माझ्या हातात दिली. "तुमीच जा वर." गेलो. सगळं सांगितलं. काकूंनी शिरा घेतला, दार लावलं. हसल्या की रागावल्या, कळलं नाही.

७ मार्च, शनिवार
बावीस मिनिटं. बाहेरच्या बाकावर मी, मं., मध्ये रिकामी टोपली. केतकीला मं.ने फोनवर सगळं सांगितलं, केसासकट. पलीकडून ती म्हणाली, "बाबांना पाणी दे प्यायला."
बे. उठली. जीभ बाहेर, डोळे अर्धे, पण उठली. गाठ बाटलीत घालून तपासायला गेली. आठ-दहा दिवस लागतील.

११ मार्च
रिपोर्ट नाही. फोन वाजला की धावतो. दोनदा बँकेचा, एकदा केतकीचा. तिला आवाजावरून कळतं, लगेच म्हणते, "मीच आहे बाबा."
वहीच्या मागच्या कव्हरातले दोन केस काढले. कुंडीत टाकणार होतो. मं. म्हणाली, "राहू द्या, तुमाला ध्यानात राहील."

१४ मार्च, शनिवार
अजून नाही. सोमवारी म्हणाल्या.
आज टोप काढला. टाके सुकलेत. बे. थेट येऊन माझ्या मांडीवर बसली. शिवरात्रीनंतर पहिल्यांदाच, आणि आपणहून. मी दोन्ही हात वर धरून बसलो. आठ तारखेपासून, म्हणजे मागच्या महिन्याच्या आठ तारखेपासून, तिच्या अंगावरून मी साधा हात फिरवलेला नाही. फिरवला तो शोधायला. अजून एक सापडली तर, ही धास्ती बोटांतच बसलीय.
ती डोक्याने तळहात ढकलत राहिली. शेवटी डोळे मिटून फिरवला. कपाळावरून, टाक्यांना वळसा घालून, पाठीवरून शेपटीपर्यंत. काही लागलं नाही. घुरघुर सुरू झाली.
पोटाकडे हात नेला नाही. ते उद्या, मंगल जवळ असताना.