मंगळावरच्या धुळीनं मधूले बोलतं केलं

मधूचे बाबा,

आज लिहायले बसली ते खुशीनं. आपली नात नलू बंगलोरले चालली! तुमच्याबिगर कोणाले सांगू? शेजारणीले सांगून झालं, तिनं आधी चहाच मागितला.

पोट्टी एम.एस्सी. झाली, पुढं धुळीवर संशोधन करायचं म्हणे. तुमचा लेक अडून बसला, "इतक्या दूर पोरगी एकटी नाही पाठवत." बापलेकीचं बोलणंच बंद! तुमी असते त एका शब्दात मिटवलं असतं. जायची अशी काय घाई होती हो?

काल मधू अकोल्याहून बस घेऊन आला, उन्हानं लालेलाल. जेवता जेवता टोमणा मारला, "कोणत्या धुळीचा अभ्यास करतं वं? मले इचार. मूर्तिजापूरपासून धूळच खाऊन राहिलो."

"मंगळावरच्या," नलू म्हणे. "यान उतरताना इतक्या जोरात येते का त्याच्या पुढची हवाच भट्टीवाणी तापते. त्यात धूळ असली का ताप आणखी वाढते."

"बसचंही तसंच! रेडिएटरच्या जाळीत धूळ भरते, इंजिन तापते. समोर ओलं पोतं बांधा म्हणा!"

मले हसू आवरेना. पोट्टी मात्र हसली नाही.

"बाबा, तुमच्या गाडीत धूळ अडकते. तिथं ती मारते. हवा यानाले वळसा घालून जाते, धुळीच्या कणाले तसं वळता येत नाही, तो सरळ येऊन आदळते. यानाले वरून एक कातडं असते. ते सोता जळते अन् आतलं वाचवते. धूळ तेच खरवडते."

मधू तिच्याकडं वळून बसला. "मग कातडं जाड करा."

"यान जड होते ना. किती जाड पुरे, तेच त काढायचं हाय."

"अन् वावटळीतच उतरावं लागलं त?"

"ते अजून कोणालेच धड माहीत नाही, बाबा."

"कोणालेच नाही? अन् ते माही पोट्टी शोधणार?" मधूनं ताट बाजूले सारलं. मग म्हणे, "बंगलोरची गाडी कुठून भेटते वं?"

मायबाई! नलू ताटावरून उठली अन् उष्ट्या हातानंच मले बिलगली. मले अर्धंच समजलं, पण हे ऐकायले तुमी पाहिजे होते.

तुमी मले चुलीपाशी अक्षरं शिकवत होते, तेवा तुमची माय फणकारली होती, "हे काय कलेक्टर होणार हाय?" आता नलूले पत्र मीच लिहीन. अन् वचन देते, दर पत्रात लग्नाचं इचारणार नाही. दोन पत्रांआड एकदा इचारीन, तेवढं चालवून घ्या.

तुमचीच,
जानकी