गिलास सोबत नेलेत

अहो,

पित्ताशयातले खडे काढायला दवाखान्यात चालले. जन्मभर तांदूळ निवडून खाल्ले, तरी एवढे खडे पोटात झाले कसे, ते डॉक्टरलाच विचारते. आपला आलोक सोबत हाय, घाबरू नका. वरणभात झाकून ठेवलाय. भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरींची उद्या परीक्षा हाय, त्यांना भूकंपाच्या गोष्टी सांगत बसू नका.

दवाखान्यातली माझी खोली तिसऱ्या मजल्यावर हाय. भूकंपापासून तुम्ही कधी स्लॅबखाली झोपला न्हाईत. जमीन हलली की वाजावेत म्हणून खाटेजवळ एकावर एक ठेवता ते दोन गिलास मी नेलेत, तिथं उशाशी मांडते. आता गिलासाबिगर अंगणात तुम्हाला झोप लागायची न्हाई. रात्री दवाखान्यातच या.

सिंधु