कोणती पांढरी?

बीड कारागृह,
१२ जानेवारी २०२५

ती. केसरआक्कास धाकट्या आश्रुबाचा शि. सा. न. वि. वि.

इथं फोन मिळतो, पण शिपाई कानाशी उभा असतो, म्हणून लिहितो. माझ्या अक्षराला हसशील ते हस.

डोळे मिटले की आबा दिसतात. बाजरी निघाल्यावर रानाच्या मालकानं, आप्पारावांनीच, आबांना निरोप धाडला होता की म्हाळू, पांढरीत मेंढरं बसव, खत पडू दे. गोदेकाठी गंगथडीला उतरायच्या आधी आपण दरसाल कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवतोच. टेकडीवरच्या ओसाड गावठाणाचं आता रान करायचं असेल, असं आबा म्हणाले. तिथलेच दगड उपटून आम्ही जाळीच्या खुंट्या पक्क्या केल्या.

सकाळी त्यांचा पोरगा शिवशंकर चौघांना घेऊन आला. आधी त्यानं लोखंडी गजानं आपलं कुत्रं मारलं. आबा हात जोडत पुढं गेले, तर त्याच गजानं त्यानं त्यांचं डोकं फोडलं. बिथरलेली मेंढरं जाळी तोडून आबांच्या अंगावरून गेली. मी डहाळ्या तोडायची कुऱ्हाड उचलली, ती शिवशंकरच्या उजव्या हातावर बसली. मानेवर बसायला हवी होती.

बोलावून मारलं, आक्का. हात गेला म्हणून त्याला जामीन, आणि मी आत. जामिनाचा अर्ज टाकलाय, वकिलाच्या मागं लाग. बाहेर आलो की राहिलेलं काम पुरं करतो.

माझ्यावर रागव, पण माया असू दे.
आश्रुबा

आष्टी,
२६ जानेवारी २०२५

चि. आश्रुबास अनेक आशीर्वाद.

अक्षर बरंच सुधारलंय. शाळेत एवढा बसला असतास तर मास्तर पेढे वाटत सुटले असते. मेंढरं माझ्याकडे आहेत, दोन लंगडतात, बाकी ठीक.

परवा आप्पाराव एकटेच आले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते उंबऱ्याबाहेर बसून बोलले. त्यांच्या घरात पांढरी म्हणतात ती उताराखालच्या चुनखडीच्या रानाला. आपल्या आबांची समज सगळ्या धनगरांची: माणसं राहतात ती पांढरी, पिकतं ती काळी. म्हणून ते गावठाणावर गेले. ते गाव रझाकारांनी जाळलं होतं, आणि तुम्ही उपटलेत ते आत जळून मेलेल्यांच्या नावाचे दगड होते. त्यात आप्पारावांची आजी होती.

मी म्हणाले की दगडासाठी माणूस मारायचा का. ते म्हणाले की न्हाई पोरी, न्हाई मारायचा. खालच्या पांढरीत बसव एवढं म्हणलो असतो तर तुझा बाप जिता असता.

मी चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्यांच्या अंगावर फेकलं. खांदा भाजला, सदऱ्याचा वास सुटला. ते जागचे हलले नाहीत. मला बरं वाटलं, आश्रुबा, आणि लगेच स्वतःची भीती वाटली.

शिवशंकरनं आबांना मारलं हे मी कोर्टात सांगणारच. पण तू त्याच्या वाटेला जाणार नाहीस असं मला लिहून पाठव, मगच वकिलाला भेटेन. भाऊ तरी मला जिवंत पाहिजे.

जेवत जा. मी आहे तोवर तू पोरका नाहीस.
तुझी आक्का

बीड कारागृह,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

आधी वाटलं म्हातारा पोराला वाचवायला बनवून सांगतोय. मग आठवलं. गज मारताना शिवशंकर ओरडत होता की माझ्या पणजीच्या उरावर मेंढरं बसवली बे. मला ती शिवी वाटली होती.

त्यांनी कट करून मारलं असतं तर माझं सोपं होतं. राग धरून जन्म काढला असता. आता आबा कशापायी गेले म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू?

तू लिहून मागितलंस, ते मला लिहिता येत नाही. तुला खोटं लिहवत नाही. रोज मी मनात त्याला तोडतो. परवापासून तोडताना त्याचं पणजीच्या नावानं ओरडणं ऐकू येतं, तरी कुऱ्हाड खाली येतेच.

वकिलाला सांग, जामिनाचा अर्ज मागं घे. आणि हे दार उघडतंय असं वाटलं, तर ते बंद ठेवायला तू ये.

एवढं माझ्यासाठी कर, आणि आठवण ठेव.
तुझा आश्रुबा