माथेरानला तू उठली नाहीस

प्रिय आक्का,

तुला जाऊन परवा महिना झाला. साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "बहिणीवर काहीतरी लिहा, तुमच्या नेहमीच्या खुमासदार शैलीत." बसलो, आणि शैलीने दगा दिला. तुझ्याबद्दल मी वर्षानुवर्षं छापून आणलं, पण तुला म्हणून कधी एक ओळ लिहिली नाही. एकाच घरात राहणाऱ्या बहिणीला पत्र कोण लिहितो? आता तीही सबब राहिली नाही.

तुझं सोवळं हे माझं हुकमी पीक होतं. ज्या आठवड्यात रत्नागिरीत काही घडत नसे (आणि इथे बहुतेक आठवड्यांत काही घडत नाही), त्या आठवड्यात मी तुझ्यावर लिहीत असे. माझा वसू तुला ते स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाचून दाखवी. एकदा तू एवढंच म्हणालीस, "लोणच्याच्या बरणीला मी कुणाला शिवू देत नाही, ते लिहिलंस. लोणचं चांगलं होतं हे लिहायला जागा उरली नाही होय रे?" असा टीकाकार मला पुन्हा भेटायचा नाही.

आज मात्र मला माथेरानबद्दल बोलायचं आहे. अकरा वर्षं आपण दोघं त्याबद्दल बोललो नाही.

त्या श्रावणात मुलांची आई तापाने गेली. वसू सात वर्षांचा, सुधा पाचांची. मी शाळामास्तर. वेण्या, पथ्यपाणी, रडणं, रुसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं. कल्याणच्या मेव्हण्यांनी मुलांना ठेवून घेतो म्हटलं आणि मी हो म्हणालो. फार पटकन म्हणालो, आक्का. पावसाळा सरल्यावर मुंबईच्या बोटीवर मुलांना सांभाळायला कुणी हवं, म्हणून तुला मालगुंडला तुझ्या सासरी निरोप धाडला. चौदाव्या वर्षी कपाळ पुसलं गेल्यापासून तू तिथे दिरांच्या घरची चूल सांभाळत होतीस. तू आलीस, पण अट घालून.

"पोरांना त्यांच्या आईनं डोंगरावरच्या गाडीत बसवीन म्हणून सांगितलंन होतं. आधी ते करायचं. मग दे कुणाला द्यायची ती."

म्हणून कल्याणला एक रात्र काढून आपण चौघं सकाळी नेरळला उतरलो. आगगाडी तू आदल्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिली होतीस. आपल्या मुलखात प्रवास म्हणजे बोट, आणि बोटीत पाय ठेवायचा तर समुद्राला नारळ द्यायचा. डोंगराला नको? तू पिशवीतून नारळ काढलास आणि थेट इंजिनापुढे जाऊन रुळावर आपटलास. गार्ड धावत आला.

"बाई, हे काय चालवलंय? गाडी सुटायची वेळ झाली."

"मग सोड की. वाढवून झाला माझा."

आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलास. त्याला अजून रागवायचं होतं. पण तोंडात खोबरं असताना माणसाला नीट रागावता येत नाही.

काय ती गाडी! वळणावर आपलंच इंजिन आपल्याला खिडकीतून दिसायचं. शेजारून चालणारा एक मोळीवाला आपल्या पुढे निघून गेला, तेव्हा सुधा त्याला ओरडून म्हणाली, "तुम्ही आधी पोचलात तर आमची जागा धरून ठेवा हां!" श्रावणानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. तूही पदराआड हसलीस. पोटात मात्र दीड दिवस तुझ्या अन्न नव्हतं. बोटीत विटाळ, गाडीत विटाळ, परक्या चुलीवरचं चालायचं नाही. कल्याणला स्वतः ओढलेलं पाणी प्यायलीस, तेवढंच.

वर पोचल्यावर झऱ्यावर आंघोळ केलीस, पिशवीतलं सोवळ्याचं आलवण नेसलीस आणि एका झाडाखाली पान मांडलंस. गूळपोहे, दोन केळी. माहेरी तुझं येणंजाणं असायचं, त्यामुळे नियम मुलांनाही पाठ होता: आत्या जेवत असताना शिवायचं नाही. कुणी शिवलंच, तर तू पानावरून उठायचीस आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहायचीस.

तू दुसरा घास उचललास आणि सुधा समोर येऊन उभी राहिली. कल्याणच्या माजघरात तिने काय ऐकलं होतं, कोण जाणे.

"आत्या, उद्या बाबा एकटेच घरी जाणार ना?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी दरीचं सौंदर्य पाहत होतो. एरवी मला सौंदर्याचं वावडं आहे, हे तुला ठाऊक होतं. उत्तराची वाट न बघता पोर सरळ तुझ्या मांडीवर येऊन बसली.

"सुधे, आत्या जेवत्येय!" वसू ओरडला.

तू उठली नाहीस. हात जरासा थांबला. मग तो घास तू तिच्या तोंडात घातलास आणि पुढचा, त्याच पानातला, स्वतःच्या. "तू रे का लांब उभा, मेल्या? ये," म्हणून वसूलाही बोलावलंस. जो नियम मोडावा म्हणून मी रकानेच्या रकाने खरडले होते, तो माझ्यादेखत मोडला, आणि मला मान वर करवेना.

हात धुताना तू म्हणालीस, "बाळ, पोरं आपल्याबरोबर परत येतील. मी आता मालगुंडास जात नाही."

"अगं, पण हाल होतील त्यांचे."

"होऊ देत. आपल्या घरात होऊ देत."

दुसऱ्या दिवसापासून तुझं सोवळं पुन्हा जसंच्या तसं, आणि माझी थट्टाही. त्या पानाबद्दल मात्र मी कुठे अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी मुलं देऊन टाकायला निघालो होतो, हेही लिहावं लागलं असतं. ते मला सोयीचं नव्हतं.

एका गोष्टीचा रागही आहे तुझ्यावर. वसू नापास झाला तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो, तुझ्या लाडांनी पोर बिघडलं म्हणालो. तेव्हा तुला माथेरानचं एक वाक्य बोलता आलं असतं. का नाही बोललीस? बोलली असतीस तर मी तरी हलका झालो असतो.

मुलांना अजून वाटतं, आई गेल्यावर त्यांचं मन रमावं म्हणून बाबांनी ती सहल काढली. कौतुकाने चारचौघांत सांगतात, आणि मी मुकाट्याने ऐकून घेतो. वसू आता मुंबईत नोकरीला आहे. सुधा मॅट्रिकला बसेल. दोघं भांडतात, मोठ्याने हसतात, मला उलट बोलतात. स्वतःच्या घरात वाढलेल्या मुलांनाच हे जमतं. हे सगळं तुझं देणं आहे, आक्का.

दिवाळीत वसू येईल. तेव्हा दोघांना समोर बसवून हे पत्र वाचून दाखवीन, दरीकडे पाहत उभा राहिलो होतो ते धरून, एक ओळ न गाळता. तुम्हाला देऊन टाकायला बाबांनी नेलं, पण माथेरानला आत्यानं नेलं आणि तिथून परतही तिनंच आणलं, हे त्यांना माझ्या तोंडून कळेल. हा शब्द मी तुला देतो.

तुझा,
बाळ