एकतीस डाव आणि आरशाचे कपाट

मी, आशा धनराज पगारे, वय ६२, कारखान्यातून निवृत्त, राहणार इंदिरानगर, नाशिक, माझ्यामागे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत बसू नये म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठिकाणावर असल्याशिवाय माणसाला इतका राग येत नाही, हा माझा स्वतःचा दाखला.

येत्या बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. सातपूरच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षे तयार नग तपासले. 'काळजीचे कारण नाही' असे सांगून पाठवलेली पेटी मी आधी उघडायचे.

कलम १. इंदिरानगरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी तृप्ती हिला मिळावा. तिने तो विकला तरी माझी हरकत नाही, फक्त स्वयंपाकघरातली गळती लपवून विकू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि दागिने तृप्तीलाच. विहारातल्या अभ्यासिकेला तिने चार चांगली टेबले घेऊन द्यावीत. डुगडुगणारी चालणार नाहीत.

कलम ३. माझे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर सातपूरला आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावेत. मुलाला का नाही, असे कोणी विचारले तर त्याला या घरात चहा देऊ नये.

कलम ४. धाकटे दीर गोटीराम पगारे यांना काहीही नाही. माझे यजमान धनराज फेब्रुवारी २०१७ मध्ये गेले. त्यानंतर महिन्याभराने हे भावजी दारात उभे राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नवरा गेला आणि ही बाई कॉम्प्युटरवर गेम खेळत बसलीय." ते वाक्य मी नऊ वर्षे जपून ठेवले आहे. ते त्यांचे त्यांना परत.

कलम ५. आता त्या गेमविषयी. हे सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कळणार नाही.

सन २००५ मध्ये तृप्तीच्या दहावीसाठी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा दुकानदाराने 'नाइन रिव्हर्स' नावाच्या गेमची सीडी वर फुकट दिली. आम्ही त्याला नुसते 'नद्या' म्हणायचो. नऊ नद्या असतात. काठाला गावे वसवायची, बंधारे घालायचे, धान्य साठवायचे आणि समोरच्याची गावे घ्यायची. तृप्तीला त्यात रस नव्हता. नाद लागला तो मला आणि वत्सलाला.

वत्सला हिरामण गभाले ही माझी कारखान्यातली जोडीदारीण. माहेर, सासर दोन्ही इगतपुरीकडचे, भातवाल्यांचे. तपासणीच्या टेबलावर ती माझ्या डावीकडे बसायची. दर रविवारी दुपारी ती सातपूरहून बसने यायची आणि आम्ही एक डाव टाकायचो. कॉम्प्युटर एकच, म्हणून आळीपाळीने खेळायचे. एकीने खेळी करायची, दुसरीने खुर्ची फिरवून पाठ करायची आणि लसूण सोलायचा. लसूण सोलताना मान खाली राहते, हात गुंतलेले राहतात, म्हणून हा नियम मीच केला होता. आठवड्याचा लसूण रविवारीच सोलून व्हायचा.

खुर्ची फिरवली की समोर लोखंडी कपाट येते. त्या कपाटाला आरसा आहे. तेहतीस वर्षे नग तपासणाऱ्या बाईला हे दिसले नाही. मी मान खाली घालायचे आणि तीही घालते असे धरून चालले होते.

सगळे निकाल मी वहीत लिहून ठेवले आहेत. आमचे जवळपास सारखेच चालायचे, दोन डाव ती, दोन मी. पण धनराज गेले त्या वर्षी मी सलग एकतीस डाव जिंकले. त्या वर्षी मला दुसरे काहीच जमत नव्हते. भाजी करपायची, पेटीतले नग मोजताना आकडा चुकायचा. सोमवार ते शनिवार मी कशी काढायचे ते माझे मला ठाऊक. रविवारी जिंकायचे आणि वाटायचे, अजून आपल्यात काहीतरी आहे. त्या एकतीस डावांवर मी उभी राहिले, हे मी आजवर कोणालाही बोललेले नाही. इथे लिहिते आहे, कारण हे वाचले जाईल तेव्हा मला लाजायला लागणार नाही.

कलम ६. गेल्या सप्टेंबरात या गेमचा दुसरा भाग आला. त्याच्या आधी कंपनीने जुन्या खेळाडूंना विचारले होते, तुम्हाला काय हवे ते कळवा. मी बावीस मुद्दे लिहिले. तृप्तीने ते इंग्रजीत करून पाठवले. पहिलाच मुद्दा असा होता, की एका कॉम्प्युटरवर दोघांनी खेळण्याची सोय काढू नका. 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे' असे उत्तर आले. मी ते छापून भिंतीला लावले होते. इतकी मी बावळट.

नवा भाग तृप्तीने वाढदिवसाला घेऊन दिला. उघडून बघते तर नाव नऊ नद्या आणि आत नद्या पाच! उरलेल्या चार वेगळ्या विकत घ्यायच्या. धान्य साठवायचे काम आपल्याला नाही, एक सल्लागार आपोआप साठवतो. मग आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? आणि एका कॉम्प्युटरवर दोघांनी खेळायची सोय काढून टाकलेली. आता दोन घरी दोन कॉम्प्युटर, दोन खाती. कारखान्यात असा नग माझ्या हाताखाली आला असता तर लाल रंगाचा ठिपका देऊन परत पाठवला असता.

हा नवा गेम मी कोणाला देऊही शकत नाही. कंपनीच्या अटी वकीलबाईंनी वाचल्या. त्या म्हणाल्या, "आशाताई, हा गेम तुमच्या मालकीचाच नाही. तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे." बरे झाले. माझ्या नावावर तो कलंक नको.

कलम ७. नव्या गेमच्या पानावर खेळणाऱ्यांनी आपापली मते लिहिली आहेत. ती मी तृप्तीकडून वाचून घेतली. हजारो माणसे चिडलेली होती. पोलंडच्या एका माणसाने लिहिले होते, की तो वडिलांबरोबर एकाच खुर्चीत बसून खेळायचा, आता वडिलांना दुसरा कॉम्प्युटर घेऊन द्यायचा का? मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. मीही मराठीत लिहिले, 'नग नाकारला.'

मग खाली आणखी एक मराठी मत दिसले. आनंद झाला, म्हटले आपल्याकडचे कोणी आहे. वर अंगठा होता. गेम आवडला म्हणे! नाव 'खाचरवाली'. मजकूर असा:

'मला आवडला. मैत्रीण नाशकात, मी गावाला, आता घरबसल्या खेळता येईल. आणि यात मैत्रिणीचा डाव दिसत नाय ते लय बरं. जुन्या गेममधी कपाटाच्या आरशात दिसायचा.'

मी ते तीनदा वाचले. ही वत्सलाच. वत्सला निवृत्त होऊन इगतपुरीजवळ गावी गेली, तिथे तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्यामुळे तिला महिन्यातून एकदाच येता यायचे, तेही पावसाळ्यात नाही, हे मला मान्य आहे. पण माझा डाव आरशात बघायचा, आणि तो बघितल्याचे मला न सांगता जगाला सांगायचे? अगं, कंपनी परकी होती. तिने फसवले तर मी भिंतीवरचा कागद फाडला आणि विषय संपवला. तू माझ्या डावीकडे बसायचीस. ऑक्टोबरपासून मी तिचा फोन घेतलेला नाही.

मला खरे तर मृत्युपत्रात तिला तो आरसाच द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, आणि साक्षीदाराला काही देऊ नये. हे ऐकल्यावर मी ठरवले, वत्सलाला साक्षीदार करायचे. म्हणजे तिला काही मिळणार नाही, पण सही करण्याआधी हे सगळे, पाचव्या कलमातल्या लाजेसकट, तिच्यासमोर मोठ्याने वाचता येईल. तृप्तीकडून निरोप धाडला आहे, की सहीसाठी ये.

कलम ८. माझा कॉम्प्युटर भंगारात द्यावा. नद्यांची जुनी सीडी तृप्तीने मोडून दोन तुकडे करावेत आणि निकालांची वही रद्दीत घालावी. जुना गेम कंपनीने विकणे बंद केले आहे, ही सीडी मोडली की आमच्यापुरता तो संपला. तो मुद्दामच संपवते आहे.

कलम ९. माझ्यामागे जलदान विधी साधा करावा. भाषणे नकोत. गोटीराम भावजींना तर माईक अजिबात देऊ नये.

येथवरचे टाइप केलेले आहे. पुढचे कलम मी आज सही करण्याआधी हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आले आहे, त्याबद्दल कोणी शंका काढू नये.

कलम १०. आज सकाळी वत्सला आली. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. खालच्या झेरॉक्सच्या दुकानाचा साई दुसरा साक्षीदार म्हणून आधीच बसला होता. मी वरचे सगळे, एक शब्द न गाळता, वाचून दाखवले. सातवे कलम तर जरा सावकाशच वाचले. साईने पेन पुढे केले, "मावशी, इथे सही." तिने पेन घेतले आणि मला म्हणाली, "आशे, वही कुठं हाय?"

मी वही दिली. तिने २०१७ चे पान काढून माझ्यापुढे ठेवले.

"हे एकतीस. हेच बघितले मी आरशात. त्याच्या आधी नाय, नंतर नाय."

"बघितलेस आणि तरी हरलीस?"

"हरायलाच बघायचे ना गं. तू इन्स्पेक्शनवाली. नुसती वेड्यावानी खेळले असते तर तू लगेच धरले असतेस. तुझी फौज कुठं दडलीय ते बघून मंग बरोबर तिच्याच तोंडी जायचे. लय अवघड असतंय ते. जिंकणं सोपं."

मी म्हटले, "मला भीक घातलीस होय?"

"तू भाकर खाईनास, बोलंनास. पहिल्या रविवारी मुद्दाम हरले, आन तू हसलीस. मंग मी काय करू, सांग." मग वहीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आन एक दिवस तूच मला म्हणलीस, वत्सले, तुला खेळता येत नाय, सोडून दे आता. इतका राग आला! म्हणलं, ही बरी झाली. त्या दिवशी मान खाली घातली आन सगळा लसूण सोलला."

वहीत बत्तिसावा डाव तिचा आहे.

आणि मला लसूण आठवला. त्या वर्षी ती घरी गेल्यावर ताटात अर्ध्या पाकळ्या सालीसकट राहायच्या. मी त्या रोज बघत होते, निवडत होते, सोलत होते. एकदाही विचार केला नाही, की हिचे लक्ष कुठे असते.

माझा राग गेलेला नाही. उलट वाढला आहे. चोरून जिंकली असती तर एक वेळ माफ केले असते. मी ज्यावर उभी राहिले ते एकतीसच्या एकतीस डाव खोटे होते, आणि हे मला ऑपरेशनच्या तीन दिवस आधी कळते आहे. मी खूप रडले. साईने खाली जाऊन चहा आणला.

म्हणून कलम ८ मी रद्द करते. कॉम्प्युटर, सीडी, वही आणि आरशासकट लोखंडी कपाट माझ्यामागे वत्सला हिरामण गभाले हिला मिळावे. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून तिचे नाव साक्षीदारांतून खोडले आहे. तिच्या जागी वरच्या मजल्यावरच्या पूजाला बोलावले.

अट एकच. वत्सलाने ते एकतीस डाव पुन्हा खेळायचे. मी परत आले तर माझ्याशी, कपाटावर चादर टाकून. नाही आले तर दोन्ही बाजूंनी तिनेच, आणि माझ्या बाजूनेही जिंकायलाच खेळायचे. मुद्दाम हरलेले मला आता ओळखू येते.

ठिकाण: इंदिरानगर, नाशिक
रविवार, दिनांक १८ जानेवारी २०२६

हे सर्व वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली:
आशा धनराज पगारे

त्यांनी आमच्यासमोर आणि आम्ही त्यांच्यासमोर सही केली:

१. साई प्रकाश दोंदे, झेरॉक्स दुकान, तळमजला

२. वत्सला हिरामण गभाले (हे नाव मी खोडले आहे. ती आता वारस आहे. आ. ध. प.)

२. पूजा नितीन निकम, तिसरा मजला