पट्टेरी कर्दळ

हार्लिंगन, १७ मे २००७

चि. विबे यास अनेक आशीर्वाद. आज पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझी सुरी.

परवा तू आणि मारिट जोडीनं येऊन गेलात, फार बरं वाटलं, असं लिहायची पद्धत आहे. मला अजिबात बरं वाटलेलं नाही. बर्फाचे संत, म्हणजे मेमधले ते शेवटचे गारठ्याचे दिवस, सरले की कर्दळी घराबाहेर काढायच्या आणि मोठ्या कुंड्यांत हलवायच्या, हे मी दरवर्षी एकटी करते. मदत मी मागितली नव्हती. मी कॉफी करायला आत गेले तेवढ्यात तू आईच्या कर्दळीचा कंद बादलीतून उपटलास, मधोमध चिरलास आणि अर्धा आपल्या पिशवीत घातलास. मग तीच सुरी पँटला पुसून लवंगांचं चीज कापलंस. फोडीच्या कडेला हिरवट रस लागलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मारिट समोर होती म्हणून गप्प बसले. तुम्ही गेल्यावर उरलेली वडी फेकून दिली, तरी शिसारी गेली नाही.

तू भेट म्हणून आणलेली ती पिवळ्या पट्ट्यांची कर्दळ बाकीच्या कुंड्यांशेजारी ठेवली आहे. मला तिचं काही कौतुक वाटत नाही. पान कसं एका रंगाचं असावं.

आईकडे काल जाऊन आले. तू कोण, मी कोण हे तिला कधी आठवतं, कधी नाही, पण कर्दळीला फुटवा आला का हे तिनं विचारलं. घर सोडताना तिनं सगळं सामान तुमचं तुम्ही बघा म्हणून सोडलं आणि ती जस्ताची बादली तेवढी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. गेली तीन वर्षं वीस ऑगस्टला, तिच्या वाढदिवशी, त्या बादलीतलं एक लाल फूल वृद्धाश्रमात तिच्या टेबलावर जातं. यंदा ती एक्क्याण्णव वर्षांची होईल. अर्धा कंद गेल्यावर फूल येतं की नाही, या काळजीत मी आहे. मारिटला माझी आठवण सांग. तुझ्यावर माया आहेच, पण हात धूत जा.

तुझी ताई,
रिन्स्के

---

झ्वोल, २६ मे २००७

ती. रिन्स्केताईस, सा. न. वि. वि. सुरी धुतली. दोनदा.

ताई, तुला कशाची किळस येत नाही ते एकदा लिहून पाठव, म्हणजे यादी छोटी होईल. लहानपणी मी कच्चा हेरिंग मासा शेपटीनं धरून खाल्ला की तू पाठ करून बसायचीस. गोगलगायीवर मीठ टाकायचं काम नेहमी माझ्याकडे असायचं. माझे मोजे तर तू लाकडी चिमट्यानं उचलायचीस. चीजचं वाईट वाटलं, चांगलं जुनं होतं.

आता बातमी ऐक. आमच्या कुंडीबाग मंडळाच्या प्रदर्शनात माझ्या पट्टेरी कर्दळीला पहिला कप मिळाला. तीन परीक्षक भिंग घेऊन पानांवर वाकले होते. असे पट्टे त्यांनी आजवर पाहिले नव्हते म्हणाले. बाजारात एका टपरीवर शेवटचा कंद पडला होता, तो मी उचलला, एवढंच माझं कर्तृत्व. नाव ठेवलं 'पट्टेरी मारिट'. मारिट दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सगळ्यांनी एकेक तुकडा मागितला. मी टेबलावरच कंद चिरून चौदा जणांना वाटला. मंडळातले वृद्ध उप्कं तर तुकडा हातात घेऊन बसले होते. चाळीस वर्षं कर्दळी ठेवतात, पण म्हणाले अशी पाहिली नव्हती.

आईचा अर्धा कंद माझ्या कुंडीत जोरात फुटला आहे. तुला न विचारता घेतला हे खरं. विचारलं असतं तर तू दिला असतास का? तुझ्याकडे काही झालं तर एक माझ्याकडे असावा, एवढंच मनात होतं. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
विबे

---

हार्लिंगन, ९ जुलै २००७

चि. विबे, आशीर्वाद आहेत, पण आज ते लिहिताना हात जड झाला.

आईच्या कर्दळीच्या पानांवर पट्टे आले आहेत. आधी फिकट रेघा, मग त्या तपकिरी झाल्या, आता पानं तिथेच फाटतात आणि नवीन पान पिळवटून बाहेर येतं. एक पान पिशवीत घालून रोपवाटिकेतल्या बाईकडे नेलं. तिनं पिशवी उघडूसुद्धा दिली नाही. म्हणाली, हा रोग आहे, याला औषध नाही, आणि तो सुरीला लागलेल्या रसातून एका कंदातून दुसऱ्यात जातो. मावा बसला तर शेजारच्या कुंडीतही जातो. सगळं काढून टाकायचं, कुंड्या ब्लीचनं धुवायच्या, माती फेकायची.

म्हणजे तुम्ही कप दिलात तो रोगाला. तीन शहाणी माणसं भिंग घेऊन रोगाकडे बघत होती आणि वाहवा करत होती. तू तो रोग टेबलावर चिरून चौदा घरी वाटलास, आणि पंधरावा माझ्या अंगणात आणून, भेट कापलेल्या त्याच सुरीनं आईच्या कंदात घातलास. मला ओकारी येते विबे, त्या पानांची नाही, तुझ्या त्या पँटला पुसलेल्या सुरीची.

आजच्या आज तुझ्याकडची प्रत्येक कर्दळ फेक. मंडळात उभं राहून चौदाही जणांना सांग. मी माझ्या चार कुंड्या रिकाम्या केल्या, तुझी भेटसुद्धा. हात कोपरापर्यंत घासले तरी बोटांना तो चिकट वास येतोच आहे. आईची बादली तेवढी वीस ऑगस्टपर्यंत ठेवते. रोगी झाडालाही फूल येतं, असं ती बाई म्हणाली.

रिन्स्के

---

झ्वोल, २१ जुलै २००७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सांगितलं. मंगळवारी सभेत उभा राहिलो आणि कप टेबलावर परत ठेवला. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. काही जणांनी तुकडा लावलाच नव्हता, ते सुटले. उप्कंनी मात्र तो आपल्या जुन्या कर्दळींच्या रांगेत लावला होता आणि एकाच चाकूनं सगळ्यांची सुकी पानं काढली होती. मी त्यांच्या घरी जाऊन बावीस कुंड्या उपसायला मदत केली. निघताना त्यांनी मला हात धुवायला साबण दिला. माझी मला इतकी घाण कधी वाटली नव्हती.

आईच्या कंदाचा अर्धा भागही फेकला. त्यावरही पट्टे होते.

आता एक विचारतो. तुझ्या कुंपणापलीकडे शेजारणीच्या, आउक्याच्या, तीन कुंड्या आहेत, त्यांतही कर्दळीच लावल्या आहेत. तिला सांगितलंस का? मला आजच्या आज फेक म्हणालीस आणि तुझी बादली महिनाभर ठेवणार. मी नकळत केलं, ताई. तू तर जाणूनबुजून करते आहेस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण चौदा जणांसमोर उभा राहून आलो आहे, म्हणून लिहितो. लोभ राहिला असेल तर असू दे.

विबे

---

हार्लिंगन, २२ ऑगस्ट २००७

चि. विबे यास मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते कागदावर नको. आउक्याला मी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती कुंपणावरून हात करायची आणि मी बादलीसमोर आडवी उभी राहायची. एक्काहत्तराव्या वर्षी मी अशी लपवालपवी करते, याची मला किळस आली.

एक ऑगस्टला कळी लाल दिसायला लागली. त्याच दिवशी मी आउक्याला बोलावून सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर बादली उपसली. खालून कंद कुजून मऊ झाला होता, हातात आला तो शेंबडासारखा. कळीसकट पिशवीत घातला आणि गाठ मारली. आउक्याच्या कुंड्या अजून तरी हिरव्या आहेत.

परवा आईकडे फक्त केक घेऊन गेले. तिनं टेबलाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मी सांगितलं की कर्दळ मेली. तिनं विचारलं, कुणी मारली. विबे, तुझं नाव माझ्या ओठांवर होतं, तीन महिने तेच घोकत होते. मी म्हटलं, "मी." का म्हटलं ते मलाच ठाऊक नाही. तिनं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "विबेला सांगू नकोस. तो रडत बसेल."

तेव्हा तू रविवारी जाशील तेव्हा तुला काही माहीत नाही. फूल कुठंय म्हणून विचार आणि ती काय म्हणते ते मला कळव. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

रिन्स्के

---

झ्वोल, २७ ऑगस्ट २००७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

विचारलं. आई म्हणाली, त्या लाल फुलांचा मला कंटाळा आला होता, यंदा मीच रिन्स्केला आणू नको म्हटलं, तिला बोल लावू नकोस. मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, मी विश्वास ठेवला का ते बघायला. मी मान डोलावली आणि केक खाल्ला. केक फार गोड होता.

मंगळवारी उप्कंकडे कुंड्या घासायला जातो आहे. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा,
विबे