सेत्तीमियाबाईंकडची तळमजल्याची खोली

फेरारा, ५ जून १९७४

लाडक्या ओरेत्ता आत्या,

आधी तुझ्या दोन्ही गालांचा पापा. तू बरी असशीलच. तुझी गुडघेदुखी माझ्या पत्रांसारखी असेल, येते तेव्हा येते. मी मजेत आहे. हवा मात्र इथली घाण आहे, किल्ल्याच्या खंदकातले डास अख्ख्या गावाला पुरून उरतात. जत्रेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्रावरच अजून आहे. आता तिकिटं फाडायला बसवलंय मला, पेटीएवढ्या खोपट्यात. बसून काम. बरं आहे.

तुझ्याकडे एक काम आहे. एक खोली बघायची आहे, आपल्या सिएनातच, जूनच्या शेवटी. घोड्यांच्या शर्यतीच्या चार दिवसांत गावात गोठासुद्धा रिकामा मिळत नाही, म्हणून आत्ताच लिहिते. तू म्हणशील, बापाचं घर गावात असताना लॉज कशाला? बाबांकडे नको. तुझ्याकडेही नको, राग मानू नकोस. मला सेत्तीमियाबाईंचं लॉज हवं आहे, सान मार्को वेशीकडे उतरताना लागतं ते. दुसरं कुठलंही नको, कितीही चांगलं असलं तरी.

खोली तळमजल्याची हवी, पायऱ्या नकोत. पलंग लोखंडी असला तर उत्तम, तो हलत नाही. मोरी खोलीतच हवी. खिडकी नीट बंद होते का ते स्वतः लावून बघ. आणि बाईंना हळूच विचार, गरम पाणी वेळी-अवेळी, जरा जास्त लागलं तर कटकट करणार नाहीत ना.

अगं, काल इथे गंमत झाली. चक्रावरच्या मंडळींना मी आपल्या गावाचं सांगत होते. सतरा आळ्या, प्रत्येकीचा झेंडा वेगळा, घोडा वेगळा, आणि शर्यतीच्या चार दिवसांत नवरा एका आळीचा नि बायको दुसरीची असेल तर बायको गाठोडं उचलून माहेरच्या आळीत जाते, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मालकीण म्हणाली, "चारच दिवस? आमच्यात वर्षभर चालतं की!" मग मी सांगितलं, माझे बाबा कासवआळीचे आणि आई गोगलगायआळीची, दोन्ही आळ्यांचं हाडवैर. तर पोपटवाला म्हणतो, "आई गोगलगाय, बाप कासव, आणि तू अशी गावोगाव पळतेस कशी गं?" हसून हसून पोटात कळ आली.

काय सांगत होते? हां, खोली. बाबांना बोलू नकोस.

आणि ती अर्जिया सुईण अजून आहे का गं? सहज विचारते.

तुझी उंडगी भाची,
वान्ना


पिस्तोया, १७ जून

आत्या,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या शिव्या एका कागदावर मावतात हे मला माहीत नव्हतं. "सहज कोण सुईण विचारतं, गाढवे?" हे वाचून मी खोपट्यातच हसले आणि मग थोडी रडले. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, बाई, तिकीट देता का?

हो. सातवा उलटून गेला आहे. म्हणजे आठवाही. त्याचा बाप तुलिओ, आमच्याकडे यंत्राचं काम करायचा. चांगला आहे. त्याच्याबद्दल नंतर लिहीन, आता जागा कमी आहे.

तू सेत्तीमियाबाईंकडे गेलीस! स्वतः! तू लिहिलेलं मी पोपटवाल्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला याचं नाटक होईल. म्हणजे तू दारात उभी आणि त्या आतून ओरडतात, "कासवांना खोली नाही!" आणि तू म्हणतेस, "मला कशाला? तुमच्या या खुराड्यात मी मेले तरी झोपणार नाही. इसोलीनाच्या पोरीला हवी आहे." आणि आईचं नाव ऐकल्यावर त्या दार सताड उघडून म्हणतात, "मग आधी नाही का सांगायचं, कवटाळणी!"

खोली मिळाली, पलंग लोखंडी, अर्जिया यायला तयार. वाचून मला किती सुटल्यासारखं झालं ते कसं लिहू. पण ती त्यांची अट. एकोणतीस तारखेपासून शर्यत संपेपर्यंत एकाही कासवाचं पाऊल त्या घरात पडता कामा नये. म्हणजे तूसुद्धा नाहीस. मी आत, आणि तू गल्लीच्या तोंडाशी. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या आळीतही हेच झालं असतं. तरी मला तुझा हात हवा होता धरायला. चालेल. अर्जियाचा धरीन.

आणि बाबांना कळायचंच होतं. सेत्तीमियाबाई सगळ्या चौकात सांगत सुटल्या की कासवाची लेक आमच्यात बाळंत व्हायला येतेय. तू लिहितेस, बाबा भट्टीतून पीठभरल्या हातांनी तसेच तुझ्याकडे आले आणि म्हणाले, "माझं नातवंड गोगलगायींच्या खानावळीत? त्यापेक्षा रस्त्यात जन्मू दे!" आणि मग खुर्चीवर बसले आणि तुझी सगळी बिस्किटं खाल्ली. हे बाबाच.

तू विचारतेस, हा हट्ट का. तुला माहीत आहे, पण कधी कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

जुना नियम तुला मी काय सांगायचा. ज्या आळीच्या जमिनीवर जन्म, त्या आळीचं मूल. आता सगळी पोरं इस्पितळात होतात, म्हणून आईबाप ठरवतात. म्हणजे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. माझ्या वेळी आई तापाने फणफणलेली, इस्पितळातल्या पलंगावरून उठता येत नव्हतं, आणि बाबांनी मला दुपट्यात गुंडाळून कासवांच्या कारंज्यावर नेलं आणि आळीचा बाप्तिस्मा करून आणला. गळ्यात रुमालसुद्धा बांधून आणला. तूच धरलं होतंस ना मला? तुझ्यावर राग नाही. आई काही बोलली नाही. ती कधीच काही बोलली नाही. फक्त दरवर्षी ते चार दिवस आले की गाठोडं उचलायची आणि मागे न बघता जायची. गोगलगायींच्या गल्लीत लांबलचक टेबलं मांडून जेवणं चालायची, सगळे गायचे, आणि मी कासवाचा रुमाल बांधून कोपऱ्यावर उभी. आत जायची मला बंदी. आई ताटावरून मान वर करायची नाही. लहानपणी मला वाटायचं, तिला मी आवडत नाही. ती वारली त्या वर्षी कळलं, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

मी कुठेही टिकत नाही, तुम्ही सगळे म्हणता. खरं आहे. पण हे मूल टिकावं. त्याला एक गल्ली असावी आणि ती आईची असावी. त्या खोलीत, त्या फरशीवर जन्मलं की कुणी दुपट्यात गुंडाळून दुसरीकडे नेऊ शकणार नाही. बस, एवढंच.

इथे एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तब्येत ठणठणीत म्हणाल्या. बाळ जरा आडवं आहे, पण फिरतात म्हणे शेवटी. इथल्या बाजारात चेरी इतक्या गोड आल्यात की मी दुपारचं जेवणच सोडलंय.

अठ्ठावीसला बसने निघते, पोज्जीबोन्सीवरून. तिथे गाडी बदलायची, मग तासाभरात गाव. चादरी मी माझ्या आणते आहे, बाईंना सांग.

तुझी,
वान्ना


पोज्जीबोन्सी, २८ जून, दुपार

आत्या,

घाईत लिहिते, अक्षर लागलं नाही तर समजून घे. मी इथल्या इस्पितळाच्या बाकावर आहे. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण धावाधाव करू नकोस. तुझ्या घराखालच्या बारमध्ये फोन केला तेव्हा तू नव्हतीस, बाबांनीच उचलला. ते आलेत. त्यांच्याबद्दल खाली लिहिते.

आधी जे लिहिलं नाही ते लिहिते, नाहीतर पुन्हा राहील. पिस्तोयाच्या डॉक्टरीणबाई "फिरतात शेवटी" असं म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी माझं पोट दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "डोकं इथे, एका बाजूला आहे. इतक्या दिवसांत फिरलं नाही, आता फिरेल असं वाटत नाही. मोठ्या इस्पितळात जा. घरी बाळंत झालीस तर दोघांपैकी एक जाईल, कदाचित दोघं." मी म्हटलं बरं. बाहेर येऊन चेरी घेतल्या. मला वाटलं अर्जिया हात लावेल आणि ते फिरेल. मला वाटलं त्या गल्लीत पोचलं की सगळं सरळ होईल. कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू ती खोली त्याच दिवशी सोडली असतीस.

बसमध्ये कळा सुरू झाल्या. ड्रायव्हर भला होता, मला इथपर्यंत आणून सोडलं. इथल्या डॉक्टरांनी हात लावला आणि लगेच म्हणाले, ऑपरेशन. सर्जन आत दुसऱ्या कुणाचं तरी करतायत, ते सुटले की माझं. तोवर बाकावर बस, हलू नकोस.

आणि बाबा आले.

आत्या, त्यांच्या गळ्यात रुमाल नव्हता. उद्या शर्यतीचा पहिला दिवस आणि आपल्या बाबांची मान उघडी! मला आधी वाटलं दुसरंच कुणी आहे.

"ऊठ," म्हणाले. "गाडी दारात आहे. मागे रिकामी पोती अंथरलीत."

"मी तुमच्याकडे येणार नाही."

"माझ्याकडे कोण बोलावतंय? त्या सेत्तीमियाकडे सोडतो. गल्लीच्या तोंडाशी. पुढे तिची सून येईल तुला घ्यायला. मी बोललोय."

"तुम्ही? त्यांच्याशी?"

"खिडकीखालून ओरडून बोललो. आत कोण जातंय!" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सगळी गोगलगायआळी खिडक्यांत उभी राहून बघत होती. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी."

त्यांनी कसं केलं असेल ते तू जाणतेस. मला दुसरं काहीच नको होतं. खोली तयार, अर्जिया तयार, आणि बाबा स्वतः न्यायला आलेले. त्यांना आडव्या बाळाचं काही माहीत नाही. डॉक्टर आत. नर्स टोपली घेऊन कुठेतरी गेलेली.

मी चपला घातल्या.

दारापर्यंत गेले. पायरी उतरले. बाबांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. पोत्यांवर त्यांनी स्वतःची उशी ठेवली होती. मी एक पाय आत ठेवला आणि एक कळ आली, अशी की डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि ती सरली तेव्हा कमरेच्या बाजूला ते डोकं मला हाताला लागलं. गोल, कडक. आडवं. तसंच. ते कुठे निघालंय हे त्याला ठाऊक नाही. त्याला कुठल्याच आळीचं काही माहीत नाही.

मी म्हटलं, "बाबा, ते आडवं आहे. त्या खोलीत आम्ही मरू."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पिस्तोयापासून."

"आणि मी तुला तिकडे नेणार होतो. या हातांनी." त्यांनी गाडीचं दार लावलं. जोरात नाही, अगदी हळू, आत कुणी झोपलं असावं तसं. मला धरून परत बाकावर आणलं.

शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, "इथली ही जमीन कुणाची?"

"कुणाचीच नाही, बाबा. पोज्जीबोन्सी आहे हे."

"हं." टाचेने फरशी घासली. "मग ऐक. तू उठेपर्यंत मी त्याला गावात नेणार नाही. कारंज्याजवळ नेणार नाही. कुणाला नेऊ देणार नाही, दारात बसून राहीन. तू उठशील, आणि तू सांगशील कुठे."

"आणि मी उठले नाही तर?"

"गप्प बस," ते म्हणाले. मग, "तर इसोलीनाच्या आळीत. मी स्वतः नेईन, समोरच्या दाराने."

आईचं नाव त्यांच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. ते रडले नाहीत, नुसतं पीठ झाडावं तशी विजार झाडत राहिले. आता डॉक्टरांना शोधायला गेलेत, आतून त्यांचा आवाज येतोय, कुणाला तरी दमात घेतायत.

मला भीती वाटते, आत्या. तुला खोटं नाही लिहिणार आता. खूप वाटते.

सेत्तीमियाबाईंना सांग, खोली सोडली. चार दिवस लोक जिन्याखाली झोपतात, कुणीतरी त्यांना दुवा देईल. माझ्या वतीने नीट बोल, कवटाळणी वगैरे नको. आणि तुलिओचा पत्ता जत्रेच्या मालकिणीकडे आहे, त्याला कळवायचं आहे. मी कळवलेलं नाही.

नर्स आली. हात पुढे करते आहे.

इथे तुला कुणी अडवणार नाही. इथे कासव नाही, गोगलगाय नाही, अट नाही, कोपरा नाही. हे पत्र नर्स आजच्याच बसने पाठवेल, मिळेल त्या गाडीने ये. मी झोपेत असले तरी माझा हात धर.

वाट बघणारी तुझी वान्ना,
आणि अजून कुणाचंच नसलेलं ते